शब्द आणि त्याची वेळ : कॅप्शनच्या घड्याळाचा इतिहास

विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी आम्हाला दारातच अडवलं. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, आणि हे कॅप्शनचं काय काढलं?" त्याचं उत्तर एका वहीत आहे. ती वही आधी सांगतो, इतिहास मग.

२०२० साली टाळेबंदीत एका महाविद्यालयानं विनंती केली म्हणून आम्ही तर्कशास्त्राचे काही पाठ घरीच रेकॉर्ड करून दिले. स्लाइडवर आकृती, मागे आमचा आवाज आणि खाली मराठी कॅप्शन. कॅप्शनचा आग्रह आमचाच होता. वर्गात मारेगाव तालुक्यातलीच एक विद्यार्थिनी होती आणि तिला लहानपणापासून जवळजवळ ऐकू येत नव्हतं. एका पाठात चार प्रकारच्या विधानांच्या चार आकृत्या होत्या. दोन वर्तुळं काढायची आणि दाखवायचं : सर्व अमुक हे तमुक आहेत, एकही अमुक तमुक नाही, काही अमुक तमुक आहेत, काही अमुक तमुक नाहीत. प्रत्येक आकृती पडद्यावर दहा-बारा सेकंद. अंतर्गत परीक्षेत याच आकृत्यांवर प्रश्न होता. या मुलीची चारही उत्तरं चुकली. आम्ही काट मारली आणि पुढचा पेपर घेतला.

पुढे कॉलेज उघडलं तेव्हा ती वही घेऊन आली. अक्षर मोत्यासारखं. 'सर्व'च्या आकृतीखाली 'एकही नाही' लिहिलेलं. 'एकही नाही'च्या आकृतीखाली 'काही आहेत'. त्याच्या खालच्या आकृतीला 'काही नाहीत'. आणि शेवटच्या आकृतीखाली आमच्या पुढच्या मुद्द्याचं पहिलं वाक्य! तिनं एक शब्द चुकीचा उतरवला नव्हता. पडद्यावर जे जेव्हा दिसलं ते तिनं तेव्हा लिहून घेतलं. चूक आमची होती. कॅप्शन्स तयार होऊन तपासून झाल्यावर आम्ही हौसेनं पाठाच्या सुरुवातीला ९ सेकंदांची शीर्षकपट्टी जोडली, संगीतासकट. आवाज ९ सेकंद मागे सरकला आणि कॅप्शन्स जागच्या जागी राहिली. म्हणजे आम्ही एका आकृतीवर बोलत असताना खाली पुढच्या आकृतीचं वाक्य. ज्यांना ऐकू येतं त्यांनी कॅप्शन्स बंदच ठेवली होती, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. तिला विचारलं, अगं, सांगितलं का नाहीस? तिनं कागदावर लिहिलं : सरांचंच बरोबर असेल असं वाटलं.

आता यातला विनोद बघा. त्याच अभ्यासक्रमात आम्ही अन्नंभट्टांचा 'तर्कसंग्रह' शिकवत होतो. सतराव्या शतकातलं छोटंसं पुस्तक, न्यायशास्त्राचं बालबोध. त्यात शब्दप्रमाणाच्या प्रकरणात विचारलेलं आहे, की वाक्याचा अर्थ कळायला काय काय लागतं? तीन गोष्टी. आकांक्षा, म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची गरज असणं. योग्यता, म्हणजे अर्थ एकमेकांना बाधक नसणं. आणि तिसरी संनिधी, म्हणजे शब्द विलंब न होता एकमेकांजवळ येणं. त्याचं जुनं उदाहरण प्रसिद्ध आहे : "गाय" हा शब्द आत्ता उच्चारला आणि "आण" हा एका प्रहरानं, तर ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही. शब्द खरे, क्रम बरोबर, व्याकरण शुद्ध, तरी ज्ञान नाही. आम्ही हे तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. आणि ९ सेकंदांची पट्टी चिकटवताना आम्हाला ते आठवलं नाही.

तेव्हा आजचा प्रश्न असा. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांची वेळ जुळवणं ही गोष्ट माणसानं कधी, कशी शिकली? आणि ती अजून कुठे शिकायची राहिली आहे?

आपल्याकडून सुरुवात करू. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. चित्र मुकं. मधेमधे पाट्या येत, इंग्रजी, हिंदी आणि मराठी. पाटी आली की चित्र थांबायचं. पाटी गेली की चित्र पुढे सरकायचं. इथे वेळेचं भांडणच नाही, कारण चित्र शब्दासाठी थांबतं. दिग्दर्शकाला एवढंच ठरवायचं असतं, की पाटी किती वेळ ठेवायची. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी थिएटरात पाट्या मोठ्यानं वाचून दाखवणारी माणसं असत. म्हणजे गंमत अशी, की त्या काळच्या थिएटरात अडलेला असायचा तो निरक्षर, बहिरा नव्हे. साक्षर बहिरा माणूस आणि साक्षर ऐकणारा माणूस एकाच बाकावर, एकाच पातळीवर बसून सिनेमा बघत होते.

मग १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' आला. १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा', पहिला मराठी बोलपट. सगळ्या देशानं आनंद केला. इतिहासाच्या पुस्तकांत याला प्रगती म्हणतात आणि ती होतीच. पण त्या दिवशी पाट्या गेल्या आणि एक प्रेक्षकवर्ग उठून बाहेर गेला, त्याची नोंद आम्हाला तरी कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

अमेरिकेत ही नोंद एका माणसानं स्वतःच्या हातानं केली. इमर्सन रोमेरो हा क्यूबात जन्मलेला बहिरा नट मूकपटांत काम करायचा. बोलपट आले, काम गेलं. १९४७ साली त्यानं जुने बोलपट मिळवून त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि मधे मजकुराच्या पाट्या जोडल्या, म्हणजे बोलपटाचा पुन्हा मूकपट केला! बहिऱ्यांच्या शाळांत, मंडळांत हे चित्रपट फिरले. पण पाटी आली की आवाज तुटायचा, ऐकणाऱ्याला ते बघवत नसे. पुढे चित्रावरच खालच्या बाजूला अक्षरं कोरायची रीत या शाळांनी उचलली. एडमंड बोटनर हे कनेक्टिकटमधल्या बधिर विद्यालयाचे प्रमुख त्यात पुढे होते. २ सप्टेंबर १९५८ ला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या कायद्यानं या कामाला सरकारी पैसा मिळाला. तेव्हा, कॅप्शन ही मुळात शाळेच्या वर्गातून आलेली गोष्ट आहे. आज ई-लर्निंगमध्ये ती दिसते ती परत घरी आलेली आहे, असंच म्हणा ना.

आता यानंतरचा भाग आम्हाला सगळ्यात जास्त आवडतो. टीव्हीवरच्या बंद कॅप्शनचा, म्हणजे हवं तर दिसणाऱ्या आणि नको तर लपणाऱ्या अक्षरांचा जन्म घड्याळातून झाला आहे. अगदी अक्षरशः. १९७० च्या सुमारास अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेला देशभर अचूक वेळ पोचवायची होती. त्यांनी विचार केला, टीव्हीचं चित्र ओळींनी बनतं, त्यातल्या काही ओळी पडद्यावर दिसतच नाहीत. तिथे वेळेचा संकेत दडवून पाठवू. वेळ पाठवायचा तो बेत काही टिकला नाही. पण एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीतल्या लोकांच्या लक्षात आलं, की जिथून घड्याळ जाऊ शकतं तिथून अक्षरंही जातील. १९७१ मध्ये नॅशव्हिलच्या परिषदेत हे दाखवलं गेलं. १९७६ मध्ये त्यासाठी चित्राची एकविसावी ओळ राखून ठेवली गेली. १६ मार्च १९८० पासून नियमित प्रक्षेपण सुरू झालं. वेळ सांगायला निघालेलं यंत्र शब्द सांगायला लागलं, आणि शब्दाला वेळेची गाठ तेव्हापासून बसलेली आहे.

या एकविसाव्या ओळीची चाल थोडी समजून घेऊ, कारण आजच्या फायलींतही तीच कल्पना आहे. त्या ओळीतून एका चित्रचौकटीला दोन अक्षरं जायची. सेकंदाला साधारण तीस चौकटी, म्हणजे साठ अक्षरं. दोन ओळींचं भरलेलं कॅप्शन, बत्तीस-बत्तीस अक्षरांचं, पाठवायलाच सेकंदभर लागणार. मग बोलणाऱ्यानं तोंड उघडताक्षणी ते पडद्यावर यायचं कसं? तर कॅप्शन आधीच पाठवून टीव्हीतल्या स्मृतीत लपवून ठेवायचं आणि नेमक्या क्षणी फक्त एक हुकूम पाठवायचा : दाखव. पाठवणं वेगळं, दाखवणं वेगळं. शब्द आणि शब्दाची वेळ या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. सोय मोठी झाली. पण ज्या दोन वस्तू वेगळ्या असतात त्या एकमेकींपासून निसटूही शकतात. आमची ९ सेकंदं तिथूनच आली.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगतो. १९७३ पासून अमेरिकेत एबीसीच्या संध्याकाळच्या बातम्या बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्रात अक्षरं घालून पुन्हा दाखवल्या जात. टंकायला आणि जुळवायला वेळ लागायचा, म्हणून त्या मूळ बातम्यांनंतर सुमारे पाच तासांनी, रात्री अकराला लागत. सगळा देश जेवताना बघायचा ते बहिऱ्या माणसानं झोपायच्या वेळी बघायचं. लोक तरी कृतज्ञ होते. १९८२ मध्ये कोर्टातल्या लघुलेखकांना बसवून थेट कार्यक्रमांना कॅप्शन द्यायला सुरुवात झाली आणि पाच तासांचे काही सेकंद झाले. ते काही सेकंद आजही आहेत. थेट कॅप्शनमध्ये ते क्षम्य आहेत, कारण लिहिणाऱ्याला आधी ऐकावं लागतं. रेकॉर्ड केलेल्या पाठात मात्र त्यांना काहीच सबब नाही.

आपल्याकडे हे काहीच आलं नाही. एकविसावी ओळ अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीतली, तिची अक्षरं रोमन, आणि आपली टीव्ही-पद्धत वेगळी. दूरदर्शनवर रविवारी बधिरांसाठीच्या बातम्या लागत, खुणांच्या भाषेतल्या. आमच्या पिढीला त्या आठवत असतील. रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागत, त्यांना अक्षरं असत, पण इंग्रजी. मारेगावच्या बहिऱ्या मुलाला मराठी चित्रपटाखालच्या इंग्रजीचा काय उपयोग? ती अक्षरं दिल्लीच्या ऐकणाऱ्यासाठी होती.

भारतात खरा वेगळा विचार झाला तो १९९६ मध्ये, अहमदाबादच्या आयआयएममध्ये. ब्रिज कोठारी यांची कल्पना अशी, की हिंदी गाण्याखाली हिंदीच शब्द द्यायचे, गुजराती गाण्याखाली गुजराती. हेतू बहिरेपणाचा नव्हता, साक्षरतेचा होता. गाणं पाठ असतं, अक्षर अर्धवट येत असतं. कान डोळ्याला शिकवतो. १९९९ मध्ये गुजरातीतल्या 'चित्रगीत'वर आणि २००२ पासून 'चित्रहार'वर हे दिसू लागलं. पुढे झी टॉकीजवर मराठी चित्रपटांनाही मराठी अक्षरं देऊन पाहिली. यात महत्त्वाचं काय, तर गायक जो शब्द गातो आहे तोच शब्द त्या क्षणी रंग बदलतो. ओळ वेळेवर असून भागत नाही, शब्द वेळेवर लागतो. कारण ज्याला वाचता येत नाही त्याला ओळीत आपण कुठे आहोत हेच माहीत नसतं. आमच्या मते कॅप्शनच्या वेळेचा इतका बारीक विचार भारतात याआधी कोणी केला नव्हता आणि तो आपल्या शाळांनी अजून पुरेसा उचललेला नाही.

आता संगणकाकडे येऊ. तुमच्यापैकी ज्यांनी मोबाइलवर सिनेमे उतरवले असतील त्यांना एसआरटी फाइल माहीत असेल. साधी मजकुराची फाइल. आधी क्रमांक, मग सुरू व्हायची वेळ आणि संपायची वेळ, तास-मिनिट-सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचा हजारावा भाग, मग शब्द. वेबव्हीटीटी नावाचा तिचा धाकटा भाऊ आहे, तो स्वल्पविरामाच्या जागी टिंब देतो. या एका टिंबापायी आमची एक अख्खी दुपार गेलेली आहे, ते असो.

या फायली बिघडतात कशा? एक बिघाड आम्ही केला तसा : सगळीच कॅप्शन्स सारखीच पुढे किंवा मागे. त्याला आम्ही समान सरक म्हणतो. औषध सोपं, सगळ्यांत तेवढे सेकंद मिळवा किंवा वजा करा. दुसरा बिघाड लबाड असतो. सुरुवातीला सगळं बरोबर दिसतं आणि हळूहळू अंतर वाढत जातं. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते. आपली टीव्ही-पद्धत २५ ची. फिल्म टीव्हीवर दाखवताना ती तेवढी पळवत, म्हणजे तासाचा सिनेमा ५७ मिनिटं ३६ सेकंदांत उरकायचा. अशा प्रतीला मूळ फिल्मची कॅप्शन्स लावली तर शेवटी ती २ मिनिटं २४ सेकंद मागे. इथे सरसकट मिळवून-वजा करून चालत नाही. पहिलं वाक्य एका ठिकाणी धरायचं, शेवटचं दुसऱ्या ठिकाणी, आणि मधलं रबरासारखं ताणायचं किंवा आकसायचं. ही वाढती सरक. म्हणून तपासताना पाठाचं पहिलं मिनिट बघून "ठीक आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. शेवटचं मिनिट बघा. आणि मधलं एक.

मधलं का? कारण ई-लर्निंगचा बिघाड तिसऱ्या जातीचा असतो. आमचाच पाठ दुरुस्त करायला बसलो तेव्हा ९ सेकंद मिळवले. पहिली दहा मिनिटं उत्तम. त्यानंतर कॅप्शन्स ४ सेकंद उशिरा! शोधता शोधता आठवलं, तिथे आम्हाला ठसका लागला होता, तो ४ सेकंदांचा तुकडा नंतर कापला होता. म्हणजे त्या जागेपुढे ९ नव्हे, ५ मिळवायचे. व्याख्यानाची चित्रफीत अशी अनेक जागी कापलेली-जोडलेली असते आणि प्रत्येक कापाबरोबर घड्याळ उडी मारतं. स्लाइडवार सादरीकरणात तर प्रत्येक स्लाइडचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं, आणि विद्यार्थी "पुढे" दाबून मधूनच निघून जातो. तिथे कॅप्शन संपूर्ण पाठाच्या घड्याळाला न बांधता त्या त्या स्लाइडच्या आवाजाला बांधावं लागतं. आणि एवढं सगळं होऊन नियम एकच : आधी कापाकापी पूर्ण करा, मग कॅप्शनची वेळ लावा. आम्ही उलट केलं.

१९९९ च्या मे महिन्यात वेबच्या जागतिक संघटनेनं सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातच हे सांगितलेलं आहे, की कॅप्शन असून पुरत नाही, ते सादरीकरणाशी समकालिक हवं. म्हणजे अन्नंभट्टांची संनिधीच की. २००९ च्या नोव्हेंबरात यूट्यूबनं यंत्रानं ऐकून लिहिलेली कॅप्शन्स आणली, त्याचे पुढारी अभियंते केन हॅरेन्स्टीन स्वतः बहिरे. त्याच वेळी त्यांनी दुसरी एक सोय दिली, तिच्याकडे लोकांचं लक्ष कमी गेलं : शब्द तुम्ही लिहून द्या, वेळ फक्त यंत्र शोधेल. सुरुवातीला हे इंग्रजीपुरतंच होतं. आम्हाला ही दुसरी सोय पहिलीपेक्षा शहाणपणाची वाटते. काय बोललं गेलं हे माणसानं सांगावं. ते केव्हा बोललं गेलं हे यंत्रानं मोजावं. आमच्या वऱ्हाडी वळणाच्या मराठीत यंत्रानं ऐकून लिहायला घेतलं की 'व्याप्ती'ची 'वापसी' होते, मग तर्कशास्त्र कसलं राहतं!

मराठीत वेळेचा खरा अभ्यास कोणी केला म्हणाल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला. संगणकाची एकेक गोष्ट शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ, मूळ इंग्रजीत, आणि मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत. चित्र तेच राहतं, आवाज बदलतो. त्यांच्या संहिता कोणालाही बघता येतात. दोनच रकाने : डावीकडे वेळ, उजवीकडे निवेदन. दिसायला किराणा दुकानाची वहीच. पण त्या डाव्या रकान्यात भाषाशास्त्र भरलेलं आहे. इंग्रजीत क्रियापद आधी येतं : आधी "क्लिक करा", मग कशावर ते. पडद्यावरचा बाण त्या क्रमानं चाललेला असतो. मराठीत वस्तू आधी, क्रियापद शेवटी. म्हणजे बाण बटणावर पोचून दाबूनही झालेला असतो तेव्हा आपलं "करा" अजून यायचं असतं. मग अनुवादकानं काय करायचं? वाक्य लहान करायचं, दोन तुकड्यांत मोडायचं, नाहीतर अर्धा सेकंद आधी सुरू करायचं. हे जिनं-ज्यानं केलं असेल त्यांना मराठी वाक्यरचना आमच्यासारख्यांपेक्षा जास्त समजली असणार, कारण त्यांना ती घड्याळावर तोलावी लागली.

वाचायच्या वेगाचाही हिशेब आहे. शैक्षणिक कॅप्शनसाठी अमेरिकेत लहान मुलांच्या पाठांना मिनिटाला १३० शब्द आणि वरच्या वर्गांना १६० असा दंडक वापरतात. मराठीत तो जसाच्या तसा चालत नाही. आपला एक शब्द, 'शाळेतल्यांनासुद्धा' म्हणा, इंग्रजीतल्या चार शब्दांचं ओझं वाहतो. आम्ही आमच्यापुरतं ठरवलं, की एका वेळी दोन ओळी, आणि ओळ प्रत्ययावर किंवा जोडनामावर तोडायची नाही. आम्ही भराभर बोलतो तिथे कॅप्शन काटछाट करण्याऐवजी आम्हीच पुन्हा, सावकाश रेकॉर्ड केलं. मास्तरांना हा उपाय रुचत नाही, पण स्वस्त आहे.

आता थोडं कटू. २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेनं हार्वर्ड आणि एमआयटीवर दावे लावले, की तुमच्या मोफत ऑनलाइन व्याख्यानांना कॅप्शन नाही, आहे तिथे धड नाही. ते २०१९ आणि २०२० मध्ये तडजोडीनं मिटले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठालाही २०१६ मध्ये न्याय खात्यानं असंच कळवलं. त्यावर बर्कलीनं काय केलं? २०१७ च्या मार्चमध्ये वीस हजारांवर व्याख्यानं सार्वजनिक जागेवरून काढूनच घेतली. खूप लोक चिडले, आणि चिडले ते बहिऱ्यांवर : तुमच्यापायी आमचंही गेलं. आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचं मतही तेच, आणि त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. वीस हजार पाठांना कॅप्शन द्यायचा खर्च मोठा असतो. सगळ्यांना मिळत नाही म्हणून कोणालाच देऊ नये हा कसला न्याय? आम्ही त्यांना म्हटलं, विहीर खोदून झाल्यावर दोराचा खर्च जास्त वाटतो, कारण तो खोदाईच्या अंदाजात धरलेलाच नसतो. पाठ रेकॉर्ड करतानाच संहिता लिहिलेली असेल तर कॅप्शनचं अर्धं काम झालेलं असतं. २०२२ मध्ये बर्कलीनं न्याय खात्याशी करार करून सुगम्यतेची जबाबदारी पत्करली. मधली पाच वर्षं मात्र गेली.

आपला कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा. त्याच्या कलम ४२ मध्ये श्राव्यवर्णन, खुणांच्या भाषेचं निर्वचन आणि क्लोज कॅप्शनिंग ही तिन्ही नावं घेतलेली आहेत. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 'पठाण' चित्रपटाच्या निर्मात्यांना ओटीटीसाठी कॅप्शन आणि श्राव्यवर्णन तयार करायला सांगितलं, ते याच कायद्याच्या जोरावर. चांगलं झालं. पण कायदा विचारतो कॅप्शन आहे का, आणि आमच्या पाठाला ते होतं! तपासणीला कोणी आलं असतं तर त्यानं खूण करून पुढचा पाठ उघडला असता.

इथे आपल्या वऱ्हाडातलीच एक जुनी गोष्ट आठवते. म्हाइंभटांनी रिद्धपूरला बसून चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, तेव्हा प्रत्येक बोलणं कुठे, कोणाला, कोणत्या प्रसंगी हे जपून नोंदवलं. नंतर केसोबासांनी त्यातली वचनं वेगळी काढून सूत्रपाठ केला. पाठांतराला सुटसुटीत. पण वचन प्रसंगातून सुटलं आणि अर्थ लागेना, म्हणून कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं हे सांगणारा 'प्रकरणवश' नावाचा ग्रंथ वेगळा करावा लागला. महानुभावांनी सातशे वर्षांपूर्वी केलेली ही कॅप्शनच्या वेळेची दुरुस्तीच आहे, असं आम्ही म्हटलं तर पंथातली मंडळी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

आणि एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जिची पहिली भाषा खुणांची, तिला लिखित मराठी दुसरी भाषा असते. कॅप्शन वेळेवर आलं तरी ते वाचायला तिला जास्त वेळ लागू शकतो. तिच्यासाठी खुणांचं निर्वचन वेगळं लागतंच. आपल्या तालुक्यात घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी, ऐकू येणारी मुलं आहेत. पुस्तकी मराठी त्यांनाही दुसरीच. ती मुलं कॅप्शन लावून बघतात, एखादा शब्द थांबवून पुन्हा वाचतात. जिनिंगच्या गोंगाटात मोबाइल लावून बसलेला माणूसही तेच करतो. त्यांना कान आहेत म्हणून त्यांना वेळेची चूक लगेच कळते, आणि ते कॅप्शन बंद करतात. जिला कान नाही ती चूक वहीत उतरवून घेते.

त्या मुलीचे गुण आम्ही पत्र देऊन दुरुस्त करून घेतले. अंतर्गत परीक्षा होती म्हणून ते जमलं. पाठही दुरुस्त झाला. पण तोवर पुढचं वर्ष सुरू झालं होतं आणि तिनं तर्कशास्त्र सोडून दुसरा विषय घेतला होता. आम्ही विचारलं, परत येतेस का? तिनं नाही म्हटलं, हसून. दुसरा विषय तिला आवडला होता म्हणे. असेलही.

आजचं हे व्याख्यान मालिकेत चढवायच्या आधी संयोजकांना आम्ही दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. सुरुवातीची शीर्षकपट्टी आधी जोडा, मग कॅप्शनची वेळ लावा. आणि तपासायला ज्याला बसवाल त्याला आवाज बंद करून बसवा. पहिलं मिनिट, शेवटचं मिनिट आणि मधे आम्ही पाणी प्यायला थांबलो ती जागा. आता प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागच्या बाकापर्यंत जाऊ द्या.